गच्चीवरचा दुसरा त्रिकोण

शाळेत सगळे त्यांना काटकोन सर म्हणायचे, कारण खुर्चीत बसले की पाठ आणि मांडी यांच्यात नव्वद अंश, उणंअधिक काही नाही. निवृत्त झाल्यावर वर्ग हातून गेला, तेव्हा सरांनी घराचाच वर्ग केला. बायको कलिंगड कापायला बसली तरी आधी फोडीचा कोन ठरायचा.

ऊन तापायला लागलं तशी बायकोने गच्चीवर सावलीसाठी तिकोनी कापड लावायचं मनावर घेतलं. एक टोक खांबाला, दुसरं रस्त्याकडच्या कठड्याच्या कोपऱ्यातल्या कडीला, तिसरं त्याच कठड्यावरच्या हुकाला. कडी आणि हूक यांच्यामध्ये पाण्याची टाकी आडवी येत होती. ताडपत्रीवाला म्हणाला, टाकीवरून दोरी टाकून मोजू. सर हसले. मोजायचंच असेल तर माणसाने त्रिकोणमिती काढली कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी खांबापासूनच्या दोन बाजू मोजल्या, कडीपाशी कोनमापक धरला, साइनचा नियम लावला आणि क्षेत्रफळ तीन दशांश स्थळांपर्यंत काढून दिलं. ताडपत्रीवाल्याने ते आदराने ऐकून घेतलं.

कापड आलं. दोन टोकं चपखल बसली. तिसरं हूक ओलांडून, मधली बुटकी भिंत ओलांडून शेजारणीच्या गच्चीत फडफडायला लागलं. शिलाई तपासली, बिनचूक. आकडेमोड तपासली, तीही बिनचूक.

दुपारी पडल्या पडल्या सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढ्या मापांत त्रिकोण दोन बसतात. एकात हुकापाशी लघुकोन, दुसऱ्यात विशालकोन. कॅल्क्युलेटर लघुकोन सांगून मोकळा होतो; गच्चीवर होता विशालकोन. याच चुकीसाठी त्यांनी जन्मभर मुलांचे गुण कापले होते. बायको चहा घेऊन आली आणि तिने सरळ विचारलं, "चुकलं का हो काही?"

सरांनी चहा ढवळला. मग म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. हूक चुकीच्या त्रिकोणात आहे."

तोच कठडा पुढे शेजारणीकडे जात होता. शेजारीण दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, हट्टी माणसांची सवय असलेली. तिने लगेच परवानगी दिली. गवंडी बोलावून हूक तिकडे हलवला. खांबापासूनचं अंतर पूर्वीइतकंच भरलं, ते सरांनी दोघींना फीत लावून दाखवलं. कापड ढोलासारखं ताणलं गेलं. नातेवाईक येऊन कौतुक करून गेले आणि सरांनी प्रत्येकाला क्षेत्रफळ सांगितलं.

सूर्य कलला की सावली जवळजवळ सगळी शेजारणीकडे पडते. बायको खुर्ची घेऊन तिकडे जाते. दोघींच्या गप्पांना ऊत येतो. सरांनी काही दिवस उन्हात तग धरला, मग एका दुपारी तेही भिंतीवरून पाय टाकून पलीकडे गेले. शेजारणीने त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली.

"सर, एवढं छान जमलंय," ती म्हणाली, "तर तुमच्या गच्चीलाही एखादं लावून घ्या ना."

सर म्हणाले, विचार चालू आहे.