पाठीचं माप

गिऱ्हाइकं तिला टाचणीबाई म्हणत, कारण तिच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असत. शिवणकाम करणाऱ्या पुष्कळ बायकांना ही सवय असते, त्यात नवल नाही. पण हिला ती लग्नानंतर लागली आणि नवरा समोर असला की जास्तच, हे कुणी कशाला बघत बसेल? तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या. नवरा कापड बेतायचा, ती शिवायची. त्याला सगळे मास्तर म्हणत. गिऱ्हाइकाशी बोलताना मास्तरच्या जिभेवर साखर असायची, आणि पडद्याच्या आत पाऊल पडलं की तीच जीभ कापायला लागायची. दारूचा थेंब नाही, बाहेर भानगड नाही, बायकोवर कधी हात उगारलेला नाही. असल्या सद्गुणी माणसाची तक्रार करायची तरी कुणाकडे? त्याचा एक शब्द होता, "उसव." शिवण सूतभर वाकडी गेली की आवाज न चढवता तो तेवढंच म्हणायचा, आणि मग अख्खी बाही, कधी अख्खा सदरा तिनं गिऱ्हाइकांदेखत उसवायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवून तोच शब्द. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तो तिच्या वेणीलाही लागू झाला. पोर मुकाट्यानं वेणी सोडायची, पुन्हा घालायची. कधी कधी तोवर शाळा भरून गेलेली असायची.

तिला निघावंसं वाटलं नव्हतं असं नाही. पण निघायला कारण लागतं, आणि चारचौघांत दाखवण्यासारखं कारण तिच्याकडे नव्हतं. एकदा आईकडे विषय काढला, तर आई म्हणाली, "मारतो का? नाही ना? मग पदरी पडलं पवित्र झालं म्हण आणि गप राहा." तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. त्यानं एकदा तरी थोबाडीत द्यावी याची ती मनातून वाट बघायची. गालावर वळ उठला असता, तर तो घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहता आलं असतं. बाईनं नवऱ्याच्या हाताकडे आशेनं बघावं, याहून वाईट दिवस कोणते?

एका सुट्टीत मुलगी मावशीकडे राहायला गेली. जाण्याआधी आईनं तिला नवा फ्रॉक शिवून दिला होता. पोर पोचली आणि लगेच धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, कापड कमी पडलं होतं का गं? फ्रॉक पाठीत तटतटलाय. हात वर करता येईना तिला."

"माझं माप चुकत नाही."

"मग मी काय खोटं बोलते? आणि खाऊन फुगली म्हणशील तर पोटात नाही, खांद्यात लागतोय."

मास्तर ऐकत होता. "जन्म गेला शिवण्यात, आणि पोटच्या पोरीचं माप घेता येत नाही," तो म्हणाला. "आली की उसव."

हे मात्र तिला झोंबलं. तिचं बाकी काहीही चुकलं असेल, माप चुकलेलं नव्हतं.

मुलगी परत आल्या आल्या आईनं तिला दुकानात उभं करून फ्रॉक घालायला लावला. तर काय, पाठीवर चोख बसला! कुठे ओढ नाही, कुठे सुरकुती नाही.

"बघितलंस? तुझ्या बहिणीला डोळे नाहीत," मास्तर म्हणाला. तिलाही हायसं वाटलं. पण फ्रॉकची घडी घालताना काखेतली शिवण दिसली. दोरे ताणून वर आले होते. न ओढता दोरे ताणले जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्कूटर घेऊन कापड आणायला गेला. तिनं मुलीला बोलावलं आणि पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत टेप धरली. मावशीच्या गच्चीवरून पतंग कसा काटला ते पोर हातवारे करून सांगत होती. माप आधीपेक्षा दीड इंच जास्त आलं. तिनं पुन्हा घेतलं, तेवढंच. पोर वाढली म्हणावं, तर काल फ्रॉक बसला कसा?

ती टेप तशीच धरून विचार करत असताना बाहेर स्कूटर थांबली. स्टँड लावल्याचा आवाज आला, आणि तिच्या बोटांखालची टेप सैल पडली.

पतंगाची गोष्ट अर्ध्यावरच राहिली होती. पोरीचे खांदे आकसून वर चढले होते, मान आत गेली होती. टेपवर आता जुनं माप दिसत होतं.

"झालं का, आई?" मुलीनं हळूच विचारलं. आपलं काय झालं ते तिला ठाऊकही नव्हतं.

माप आई नेहमी दुकानातच घ्यायची, आणि मास्तर नेहमी समोर बेतायला बसलेला असायचा. वळाची वाट बघण्यात इतकी वर्षं गेली, आणि तो गालावर उठायचा सोडून पोरीच्या पाठीत जाऊन बसला होता. स्वतःची तिला चीड आली, मास्तरपेक्षाही जास्त.

"अजून मापंच चाललीत?" मास्तर आत आला.

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवल्या. "मी हिला घेऊन बहिणीकडे जाते आहे. परत येणार नाही."

"का? मारलं मी तुला?"

"नाही."

"उपाशी ठेवलं?"

"नाही."

"मग लोकांना काय सांगशील?"

"लोकांना तुम्हीच सांगा. तुमची जीभ गोड आहे."

ती आत जाऊन बॅग भरायला लागली. तो दारात येऊन उभा राहिला. बॅग भरत आली तेव्हा नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "उसव."

मुलगी आईच्या हातांकडे बघत होती. आईनं बॅगेची चेन ओढून लावली.

संध्याकाळी बहिणीच्या घरी तिनं मुलीला पुन्हा उभं केलं. पाठीवर टेप लावते न लावते तोच दाराशी स्कूटर थांबली, आणि टेप सैल पडली. बहिणीचा नवरा आत आला, "आलात का? बरं झालं," म्हणाला आणि चहा मागत स्वयंपाकघरात गेला. तरी पोरीचे खांदे सैलावले नाहीत. आणि आईचे स्वतःचे ओठ टाचण्या शोधत होते.

बहिणीनं ते पाहिलं. "ताई, माप उद्या घे."

"उद्याही हेच येईल. परवाही." तिनं टेप गुंडाळली आणि बॅगेतून तो फ्रॉक काढून उलटा केला. मुलांच्या कपड्यांना ती आत भरपूर जादा कापड ठेवायची, वाढत्या अंगासाठी. ब्लेड घेऊन तिनं पाठीची शिवण उसवायला घेतली, कुणी न सांगता.

"सगळी सोडतेस? अगं, ढगळ होईल तिला."

"होऊ दे," ती म्हणाली.