ती मोच नव्हती

माझ्या भासऱ्यांना मी माफ केलेले नाही. यांचा हा थोरला भाऊ कबड्डीच्या संघाचा कप्तान होता आणि आमच्या मरोदा वस्तीतल्या घरातही कप्तानासारखाच बसायचा. मी पदर ओढून चुलीकडे तोंड करायची. भासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. सांगायचेच असले तर चुलीला सांगायचे, ज्याने ऐकायचे त्याने ऐकावे.

हेही त्याच संघात खेळायचे. त्या हिवाळ्यात सरावात यांना तिघाचौघांनी धरले. पाय जागीच रुतला आणि अंग फिरले. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. भासरे म्हणाले, "मोच हाय, उतरते." दुसऱ्या दिवशी मीच यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाय धरून हलवला तर नडगी सैल बिजागरीच्या दारासारखी बाजूला सरकली. ते म्हणाले, हाड शाबूत आहे. पण हाडाला हाड बांधणारा पट्टा असतो, त्याला लिगामेंट म्हणतात. तो नुसता ताणला तर मोच. यांचा तुटला आहे. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातले आणि बजावले, मालिश नाही, शेक नाही, खेळ नाही.

हे कारखान्यात क्रेन चालवायचे. रोज लोखंडी शिडी चढून वर जायचे. नोकरी अजून पक्की नव्हती. गुडघा सैल राहिला असता तर शिडी गेली असती, आणि शिडीबरोबर भाकरी.

कबड्डीची फायनल जवळ आली तसे भासरे आखाड्यातल्या एका मालिशवाल्याला घेऊन आले.

"कावून रे, बाळंतिणीसारखा पाय पसरून बसला? मालिश केली का पळशीन."

"डॉक्टर म्हणते..." हे पुटपुटले.

"डॉक्टर कबड्डी खेळते का? इळा आन, हे चुन्याचं काढून टाकू. अन् तिले सांग, तेल गरम कर."

मी चुलीवरच्या कढईत तेल घातले आणि चुलीला म्हणाले, "लिगामेंट तुटलं हाय. चोळलं तं पाय कायमचा जाईन."

"वा! तुही बायको चौथी शिकली अन् डाक्टरीन झाली रे?"

मालिशवाला हसला. हेही हसले, आणि हसत हसत पाय पुढे केला. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

भासऱ्यांनी स्वतःच विळा उचलला. मी तापलेली कढई उचलली आणि अर्धे तेल त्यांच्या पायापुढे ओतले. ओघळ अंगठ्याजवळ गेला तसे ते मागे उडाले. माझा पदर खाली पडला होता. मी तो घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "इळा ठेवा खाली. हात लावला तं उरलेलं तुमच्या गुडघ्यावर ओतीन. मंग खेळा फायनल."

ते गेले. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माही इज्जत घालवली तू."

"इज्जतीवर पाय ठेवून शिडी चढून दाखवा," मी म्हणाले.

संघ फायनल हरला. माझ्यामुळे हरला, असे भासरे दारोदार सांगत फिरले. प्लास्टर निघाल्यावर यांचा गुडघा पुरता वाकेना, पण हे शिडी चढले, नोकरीही पक्की झाली. भासऱ्यांनी पुन्हा आमच्या घरचे पाणी घेतले नाही. मीही विचारले नाही. बाजारात ते समोरून आले की माझ्या धाकट्या जावा लगबगीने पदर ओढतात. मी ओढत नाही.