गाणं मधेच थांबायचं

आधीच सांगून ठेवते, भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. अहमदपूरला आमच्या घरामागं चिंचेचं झाड आहे, त्याच्याबद्दल गल्लीतल्या बायका काय काय बोलतात... मी रोज दुपारी त्याच चिंचेखाली बसून ब्लाउजला हूक लावते. डास सोडले तर आजवर मला तिथं काही चावलेलं नाही. माझा विश्वास फक्त मापाच्या टेपवर. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, मी लई बारीक झाले," मी म्हणते, "हो का? हात वर करा." स्वभावच संशयी आहे माझा. घरातले कुणीही सांगतील, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

तर हे गेल्या वर्षीचं. माझी मुलगी ऋतुजा. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून रिपीट करायला तिला लातूरला ठेवलं. क्लासजवळच मुलींचं हॉस्टेल, नियम कडक. स्मार्टफोन रेक्टर मॅडमच्या कपाटात जमा, रविवारी घरी बोलण्यापुरता हातात. हा नियम ऐकूनच मी ते हॉस्टेल पसंत केलं होतं.

आता गाण्यांचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. आम्हा दोघींना गाण्याशिवाय काम होत नाही. मशीनवर बसले की मला कव्वाली लागते, पाय आपोआप चालतो. भाकऱ्या करताना भजन. इस्त्रीला जुनी हिंदी. ऋतूचंही तसंच, गाणी तेवढी वेगळी. अभ्यासाला बासरी, शब्द नको. कपडे धुताना तो धांगडधिंगा. माझ्यावर चिडली असली की इंग्रजी, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही. घरात असायची तेव्हा मी स्वयंपाकघरातून नुसत्या कानानं सांगायचे, पोरगी काय करून राहिली.

आणि एक रडकं गाणं होतं. संथ, बाईचा आवाज, मागं पेटी. रिझल्टच्या दिवशी भिंतीकडं तोंड करून तिनं दिवसभर तेच लावलं होतं... संपलं की परत तेच. जेवली नाही, बोलली नाही. त्या गाण्याची मला तेव्हापासून चीड आहे.

गाण्याचं ॲप तिनंच माझ्या फोनमध्ये टाकून दिलं होतं, तिच्याच अकाउंटवर. एका अकाउंटवर दोन फोन, म्हणजे एका वेळी एकीलाच ऐकता येणार. तिनं तिकडं लावलं की माझं बंद, आणि माझ्या स्क्रीनवर यायचं – "ऋतुजाचा फोन", खाली गाण्याचं नाव. यावरून आमची रोजची भांडणं. ती लातूरला गेल्यावर पहिल्यांदा माझं भजन शेवटपर्यंत वाजलं, तर मला चैन पडेना.

दिवाळीची सुट्टी संपवून ती परत गेली. त्यानंतर एक दिवस मी भाकऱ्या थापत होते, आणि भजन मधेच थांबलं. पिठाच्या हातानं फोन उचलला. स्क्रीनवर – ऋतुजाचा फोन. बासरी.

अस्सं! म्हटलं, रविवार नाही, काही नाही... म्हणजे बाईसाहेबांनी फोन लपवून ठेवलाय.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे इथल्याच कॉलेजात क्लार्क आहेत. म्हणाले, "अगं, ॲपचं काहीतरी बिघडलं असंल. पासवर्ड बदलून टाक."

"आणि मग चोर कसा सापडायचा?"

"चोर काय चोर? लेक हाय ती तुझी!"

एवढी बाजू घ्यायची म्हणजे... मला यांचाच संशय आला. दुसरा फोन यांनीच घेऊन दिला असणार. इस्त्रीच्या वेळी यांच्या शर्टाचे खिसे बघितले, बिल सापडतंय का म्हणून. बिल नाही, गुटख्याची पुडी सापडली. त्यावरून घरात जे झालं ते इथं सांगत नाही.

रविवारी ऋतूचा फोन आला. मी अगदी गोड आवाज काढला. "काय गं, काय ऐकतीस हल्ली?"

"कशावर ऐकू मम्मी? फोन तर मॅडमकडं असतो ना."

इतकं सरळ खोटं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिला काही कळू दिलं नाही. म्हटलं, चालू दे. पुढचे दिवस मी मशीनवर बसून नुसता फोन बघायचे. पहाटे बासरी. आंघोळीच्या वेळेला धांगडधिंगा. मधेच इंग्रजी आलं की कळायचं, आज कुणाशी तरी वाजलंय. तिचा सगळा दिवस मला इथं बसून दिसायचा. आणि मग रोज जेवणाच्या वेळेला एक नवीनच गाणं यायला लागलं. पोराचा आवाज, प्रेमाचं, "सजनी"बिजनी. हे गाणं आमच्या घरात कधीच वाजलं नव्हतं. कोण हा? क्लासमधला? मेसमधला? झोप उडाली माझी. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला पाठ पुढं आणि पुढा मागं लावला, बोला!

नंतर एका मंगळवारी सकाळी, मी एका बाईची बाही जोडत होते, कव्वाली थांबली. ऋतुजाचा फोन. खाली नाव – तेच रडकं गाणं.

मी माझं परत लावलं. ते बंद झालं, रडकं सुरू. संपलं, परत तेच. पुन्हा तेच. म्हटलं, झालं, पोरानं सोडलं वाटतं हिला. एवढा राग आला की विचारू नका. बाही तशीच मशीनवर टाकली, यांना न सांगता स्टँड गाठलं आणि लातूरची एसटी पकडली. मनात एकच, आज रंगेहाथ पकडते. गाडीत फोन हातातच. शिरूर ताजबंद गेलं, चाकूर गेलं... स्क्रीनवर तेच.

हॉस्टेलला पोचले, तडक रेक्टर मॅडमच्या खोलीत. "माझ्या मुलीचा फोन दाखवा."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. "इथंच हाय की ताई. रविवारी तुमच्याशी बोलली आन् परत दिला." चावी काढली, लोखंडी कपाट उघडलं. प्लास्टिकच्या पिशव्यांत सगळ्या पोरींचे फोन, वर नावाच्या चिठ्ठ्या. ऋतूचाही. मी बटण दाबून धरलं. मेलेला, चार्जिंगच नाही. मला वाटलं, दुसराच ठेवला असेल दाखवायला. कव्हर काढून बघितलं. कोपऱ्याला चीर होती, आमच्या ओट्यावरून पडला तेव्हाची. तोच फोन.

एका हातात तो मेलेला फोन, दुसऱ्या हातात माझा. माझ्या स्क्रीनवर – ऋतुजाचा फोन, आणि गाण्याची रेघ पुढं सरकून राहिलेली. मॅडमनं पण बघितलं.

"ताई, हे काय हो?" त्या म्हणाल्या. मग एकदम हळू आवाजात, "पोट दुखतंय म्हणून ती कालपासून क्लासला गेली न्हाई. वरच हाय."

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. तिची रूममेट जळकोटची, लग्नाला गावी गेलेली. दार नुसतं लोटलेलं. ऋतू कॉटवर, भिंतीकडं तोंड करून. खोलीत आवाज कसलाच नाही. पायाशी बॅग, चेन लावून तयार. मी चापट द्यायच्याच तयारीनं आले होते हो, खरंच सांगते... आणि जवळ जाऊन बघते तर तिचे ओठ हलत होते. नुसते. बोट कॉटच्या पट्टीवर ताल धरून.

माझ्या स्क्रीनवर गाण्याची रेघ संपून परत पहिल्यापासून निघाली, तसं तिचं बोट थांबलं आणि परत सुरू झालं.

"ऋतू," मी म्हणाले.

ती वळली, आणि माझ्या स्क्रीनवरची रेघ थांबली.

"मम्मी? तू कशी काय आलीस?"

"बॅग का भरलीस?"

"जाऊन राहिले होते."

"घरी?"

मान हलवली. "घरी न्हाई."

"मग कुठं?"

"माहीत न्हाई."

मी तिथंच फरशीवर बसले. क्लासच्या टेस्टमध्ये परत मार्क घसरले होते, आणि आम्हाला कोणत्या तोंडानं सांगू म्हणून पोरीनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. तिला पोटाशी धरून मी रडले. आणि खोटं कशाला बोलू, रडून झाल्यावर गादी उचलून बघितली, कपाट बघितलं, बादलीसुद्धा पालथी केली. दुसरा फोन नव्हता. त्याच संध्याकाळी तिला घरी आणलं.

ती जेवायला-झोपायला लागल्यावर एक दिवस मी विचारलं, ते सजनीचं गाणं कुणाचं गं? ती हसली. "मेससमोरचा चहावाला रोज तेच लावतो. डोक्यातून जातच न्हाई मम्मी..." आणि हसता हसता थांबली. "तुला कसं माहीत?"

मी सगळं सांगितलं. तिचा चेहराच उतरला. "म्हणजे मी मनात काय म्हणते ते तुला दिसतं?"

त्यानंतर ती घरात अशी वावरायची, जणू मी दाराला कान लावून उभी आहे. मधेच यायची, "आत्ता काय दिसून राहिलं?" मी म्हणायचे, काही नाही. "खरं सांग." खरंच काही नसायचं हो. पण ती माझ्या डोळ्यांत बघत उभी राहायची. आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला, माझ्यावर कुणी घेतला की कसं लागतं ते तेव्हा कळलं. शेवटी तिच्यासमोर ते अकाउंट बंद केलं, ॲप काढलं. तरी माझा फोन घेऊन तिनं पुन्हा पुन्हा तपासला. माझीच लेक!

यांच्या कॉलेजातले कॉम्प्युटरवाले सर म्हणतात, कुणीतरी पासवर्ड चोरला असणार. असेल. पण चोराला चहावाल्याचं गाणं कुठून कळणार? तिच्या ओठांबरोबर, तालाला ताल धरून तो कसा वाजवणार? रेक्टर मॅडमना दोनदा फोन केला, त्या उचलत नाहीत. मला आजही याचा अर्थ लागलेला नाही, तुम्हाला लागला तर सांगा.

ऋतू आता नांदेडला बीएस्सी करते, डॉक्टरकीचा नाद आम्ही सोडला. संध्याकाळी मी फोन करते. "जेवलीस का? बरी हाईस ना?"

"हाव मम्मी, मजेत हाय."

याला काही मापाची टेप लावून बघता येत नाही.

माझ्या फोनमध्ये आता माझं एकटीचं अकाउंट आहे. भाकऱ्या करताना भजन लावते, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजतं. मी मात्र पिठाचे हात तसेच धरून मधेच थांबते, फोनकडं बघते. कुणीतरी माझं गाणं बंद करावं, असं वाटतं.