कुसुमची चोपडी

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली. शुद्धलेखन चुकेल, टाकही हळू चालतो, सांभाळून घ्या.

शेजारची छोटी कुसुम सावली गावाहून नवीन आलीय. पुस्तकाला ती गुजरातीसारखं चोपडी म्हणते. शाळेत मुली चिडवतात, "तेल चोपडी, तूप चोपडी!" काल तर तिच्या पुस्तकालाच तेल चोपडलं. महाराजांनी राज्यात शाळा सक्तीची केलीय, तरी आज ती रडत म्हणाली, "ताई, मी नाही जाणार."

मग मी सोबत गेले. लहरीपुऱ्याच्या वेशीपासून शाळेपर्यंत एकच वाक्य मनात घोकत होते. त्या मुली दारातच होत्या.

"कु-कुसुम, तुझी चोपडी नीट धर हं," मी मोठ्याने म्हणाले.

"अगंबाई, तुम्ही पण चोपडी?" एक फिसकन हसली.

"हो. तुमच्या घरी कोणीच नाही म्हणत?"

ती हळूच म्हणाली, "आजी म्हणते."

कुसुम आत गेली.

मी बोलताना अडखळते. त्यावर वर्ग हसायचा, म्हणून मी तिसरीत शाळा सोडली. तुमच्यातल्याही काही त्या वर्गात होत्या. राग नाही. पण तेव्हा एखादी माझ्यासोबत दारापर्यंत आली असती, तर?

अगं हो, आमची म्हैस आत्ताच व्याली. रेडी झाली!