लाडोची करंगळी

लाडो गेल्याचं मी फोन करून सांगितलं, तेव्हा निम्म्या लोकांना ती माझी आणखी एक थाप वाटली. दोष त्यांचा नाही. झालान्याच्या जंगलातला बिबट्या पहाटे आमच्या तिलक नगरच्या गच्चीवर चहा प्यायला येतो, त्याला दोन चमचे साखर लागते, हे मीच साऱ्या कॉलनीच्या गळी उतरवलं होतं. उतरलं नाही ते एकट्या लाडोच्या. तिचं खरं नाव छापायला नियमाची मनाई आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही सरकारच्या ताब्यातली ही सात वर्षांची पोर घरी आणली. दत्तक नव्हे, नुसती सांभाळायला. मी थाप मारली की ती न बोलता करंगळी वर करायची. जेवताना, देवळात, पाहुण्यांसमोर... अब्रूच काढायची.

तिचं हृदय जन्मापासून कच्चं. या हिवाळ्यात ते पार थकलं, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता घशात नळी घालून मशीनवर ठेवलं तर फक्त त्रास लांबेल. आम्हाला ते कळत होतं, पण ठरवणारे आम्ही कोण? निर्णय बाल कल्याण समितीचा, आणि तो येण्याआधी श्वास अडकला तर नळी घालणं डॉक्टरांना भाग होतं. बैठक एकदा पुढे ढकलली गेली, मग पुन्हा. तिची छाती वर गेली की खाली येईपर्यंत मी माझा श्वास धरून बसायचो. बाहेर चप्पल वाजली तरी बायको दाराशी जायची... आलं का कोणी?

शेवटी समितीच्या एक बाई स्वतः आल्या, खाटेशी बसल्या. काही सुचेना म्हणून मी लाडोला म्हटलं, "दोन दिवसांत घरी जाऊ. बिबट्या कप घेऊन थांबलाय."

चादरीखालून करंगळी वर आली.

हे काय, असं बाईंनी विचारलं. बायको म्हणाली, "ये झूठ बोलते हैं, तब बच्ची ऐसा करती है."

बाईंनी हातातली फाइल बाजूला ठेवली. मग वाकून त्यांनी नळी म्हणजे काय, ती घातल्यावर बोलता येणार नाही, सगळं खरं खरं सांगितलं. या वेळी करंगळी वर आली नाही.

"तुम क्या चाहती हो, बेटा?"

"नळी नको," लाडो मराठीत म्हणाली. "आजोबांची गोष्ट."

संध्याकाळपर्यंत नळी न घालायला समितीचा होकार आला. दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या गोष्टीतला बिबट्या मोती डूंगरीपाशी ऑटोवाल्या भैयाशी भाड्यावरून भांडत असताना, बायकोच्या मांडीवर ती गेली. करंगळी माझ्या मुठीत होती.

परवा मित्रमंडळींत मी ठोकून दिलं, बिबट्याने साखर सोडली. सगळे हसले. मी सवयीने उजवीकडे खाली पाहिलं, तिच्या उंचीवर... गोष्ट तिथेच सोडून घरी आलो.