गळका टप, आत्याच्या कुरडया आणि कारवार

जुनं मोटरहोम घेऊ नकोस, असं मला तीन जणांनी सांगितलं होतं. मी तिघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी घेतली. मागच्या जन्मी ती फिरता दवाखाना होती. अजूनही ऊन चढलं की आत स्पिरिटचा वास येतो आणि आपण उगाच बाही वर करतो.

पहिली मोठी फेरी कारवारची ठरवली, सोबतीला महानंदा आत्या. आत्या मंगळवेढ्याची, वय पासष्टच्या पुढे, लग्नं आणि मयती सोडून आजवर कुठे गेलेली नाही. फोनवर विचारलं, ‘‘येतेस का?’’ तर उत्तराऐवजी लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. ती पिशवीच भरायला लागली होती.

एप्रिलमध्ये पुण्याहून निघाले, आधी मंगळवेढ्याहून आत्याला घ्यायला. सोलापूर रस्ता झकास आहे, पहाटे निघालात तर जेवायला सोलापूर. मी दहाला निघाले. इंदापूरच्या आसपास वळवाची सर आली आणि टपातून थेट माझ्या उशीवर धार लागली. मी उशीच्या जागी पातेलं ठेवलं, गंमत म्हणून फोटो काढला आणि आत्याला पाठवला.

फोटो पाहिला प्रकाशदादानं. दादा म्हणजे आत्याचा मुलगा. गेल्या वर्षी आत्याला न्यूमोनिया झाला होता, आठ दिवस तो दवाखान्याच्या बाकावर झोपला होता. त्याचा निरोप आला, ‘‘एक थेंब जरी आत आला तरी आई येणार नाही. मी स्वतः पाइप धरून बघणार.’’

त्यामुळे सोलापुरात आधी हार्डवेअरचं दुकान गाठलं. (आधी म्हणजे शेंगाचटणी घेऊन, चादरींच्या दोन दुकानांत शिरून आणि एका मांजराशी बोलून झाल्यावर.)

‘‘किती स्क्वेअर फुटाचा टेरेस?’’ दुकानदारकाकांनी विचारलं.

‘‘टेरेसला चाकं आहेत.’’

ते बाहेर येऊन गाडी बघून गेले. ‘‘पत्र्याचे जोड उललेत की सगळे. जुना मसाला खरवडून काढा. जोडावर सिलंट भरा. मग वॉटरप्रूफिंगचा एक हात, ओला असतानाच ही जाळी अंथरायची, वर दुसरा हात. आन् चोवीस तास टपाला कुणी हात लावायचा न्हाय. जाळी विसरू नका, पत्रा तापला की ताणतो, नुसता कोट फाटतोय.’’

सगळं सामान साडेतीन हजारांच्या आत बसलं. जाळीची गुंडाळी काखेत मारून मी रसवंतीवर गेले. तिथल्या मावशींनी त्यांच्या बैलाचं आजारपण इतकं रंगवून सांगितलं, की मी तीन ग्लास रस प्याले. जाळी तिथेच राहिली. हे कळलं मंगळवेढ्यात, पन्नासेक किलोमीटर पुढे. मी स्वतःला समजावलं, जाळी म्हणजे दुकानदारांचं जास्तीचं काहीतरी असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कामाला लागले. तुम्ही करणार असाल तर नऊच्या आत संपवा, नंतर पत्र्यावर भाकरी भाजते. गुडघ्यांना जुने मोजे बांधा. मी खरवडलं, पुसलं, भरलं, दोन हात मारले. टप असा पांढराशुभ्र झाला की खाली उतरून मीच तीनदा बघितला. मग आत्याची कडक भाकरी आणि दही खाऊन आडवी झाले.

उठले तेव्हा गाडीला शिडी लावलेली होती आणि टपावर आत्या होती. तिनं आपली जुनी नऊवारी कोटावर अंथरली होती आणि तिच्यावर शंभरेक कुरडया.

‘‘आत्या! काय केलंस हे!’’

‘‘कुत्रं न्हाय, शेळी न्हाय, धूळ न्हाय. पांढरं सवच्छ. मला वाटलं वाळवणासाठीच केलंयस. कारवारला तळू की!’’

साडीचा पदर ओढला तर पत्र्याची कातडी सोलल्यासारखा कोट निघून आला. दादा संध्याकाळी ऑफिसातून येऊन पाइप लावणार होता. आत्याच्या तोंडाकडे बघवेना. ‘‘माज्याच हातानं माजं तिकीट फाडलं व्हय गं?’’ ती म्हणाली.

मी बिलावरच्या नंबरवर दुकानदारकाकांना फोन लावून साडीचं सगळं सांगितलं.

‘‘जाळी घातली नव्हती?’’

‘‘रसवंतीवर राहिली.’’

‘‘साडी कसली?’’

‘‘सुती. जुनी.’’

‘‘मग ओढताय कशाला? कुरडया काढा, साडी ब्रशनं चापून बसवा, वरनं दोन हात मारा. जाळीचं काम तेच अस्तंय. आन् उद्यापर्यंत पाणी न्हाय!’’

आम्ही दोघी टपावर गुडघ्यांवर. आत्या उलथण्यानं कुरडया सोडवतेय, मी रंग फासतेय. हिरवे काठ पांढऱ्याखाली बुडाले. ‘‘नणंदेच्या लग्नातली हाय,’’ आत्या म्हणाली. ‘‘माज्या आधी तीच निघाली फिरायला.’’ काही कुरडया हलल्याच नाहीत. टपाला हात लावला तर पुरळ उठल्यासारखं लागतं.

दादाला एक दिवस थांबवणं सोपं नव्हतं. आत्यानं त्याला चार वेळा जेवायला वाढून थांबवलं. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं पाइप धरला. आत्या म्हणाली, आत मीच बसते, भिजले तर मलाच कळंल. दार लावून घेतलं. वीस मिनिटं दादा टप धूत होता, एवढी माया त्यानं स्वतःच्या मोटरसायकलवर केली नसेल. मग आत्या बाहेर आली.

‘‘कोरडी ठणठणीत.’’

दादानं आत जाऊन गाद्या दाबल्या, फरशी पुसून बोट बघितलं. कुठे टिपूस नाही. त्याच्या तोंडावर हरल्याचं दुःख होतं, पण डबा भरून त्यानंच दिला.

विजापूर, हुबळी, अंकोला करत कारवारला गेलो. विजापूरपासून आत्याचं कन्नड सुरू झालं आणि माझी किंमत ड्रायव्हरएवढी उरली. समुद्र बघितल्यावर तिनं आधी चपला काढून हात जोडले. मग एका कोळणीशी सुरमईच्या भावावरून भांडली, आत्या मासे खात नसूनही. सहा दिवस पाऊस काही आला नाही.

तिला सोडून पुण्याला आले. परवा गाडी धुताना मागच्या खिडकीवर आतल्या बाजूनं दोन थेंब दिसले. बरंच वाईट वाटलं. आत्याला फोन केला, ‘‘टपाचं काम परत करावं लागणार बघ, नव्यानं गळायला लागला.’’

‘‘मागच्या खिडकीपाशी का? नव्यानं न्हाय. तितं पयल्यापासनं गळतंय.’’

‘‘पण दादानं पाइप धरला तेव्हा?’’

‘‘तवाबी गळत होतं. मी खाली वंजळ धरली.’’

‘‘आणि मग? दादानं तर सगळं तपासलं. पाणी गेलं कुठं?’’

‘‘प्याले.’’