मामांच्या स्टुडिओची काच

मामांच्या फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत त्यांनी काढलेले निवडक फोटो झळकायचे. एकदा एक मुलगी येऊन म्हणाली, "काचेतला माझा फोटो उतरवा." मामांनी कारण विचारलं नाही. समोरचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्यांनी फोटो उतरवला, निगेटिव्हसकट तिच्या हातात दिला. मी हळहळले, तर मामा खेकसले, "फोटो मी काढला, पण चेहरा तिचा आहे ना!"

परवा माझ्या मुलीचे खासगी फोटो कुणा नतद्रष्टाने इंटरनेटवर टाकले. तक्रार येताच ते काढणं साइटवाल्यांना कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही तक्रार केली, तर त्यांचं उत्तर आलं, "ओळख पटवायला आपला आणखी एक फोटो पाठवा."

मामा आता फारसे उठत नाहीत. हे ऐकून त्यांनी काठी मागितली. "त्यांचं दुकान कुठे आहे? मीच उतरवून येतो."